रुग्णालयातील हिंसाचार आणि परिचारिकेचे मन

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कामावर असलेल्या एका तरुण महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. देशभरचे निवासी डॉक्टर रस्त्यावर आले. सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन प्रकरणाची दखल घेतली व एक राष्ट्रीय कृतिदल नेमले. हल्ला झाल्यापासून सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखाने पोलिसांत फिर्याद दिली पाहिजे, असे फर्मान केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने काढले. ह्या साऱ्याचे स्वागतच करावयास हवे. परंतु त्या कृतिदलाच्या सदस्यांची यादी नजरेखालून घातली तर एक गोष्ट ध्यानात येते. पदसिद्ध सरकारी अधिकारी सोडले तर त्यात जे तज्ज्ञ घेतले गेले ते सारेच्या सारे डॉक्टर होते. रुग्णाच्या उशाशी जी अहोरात्र उभी असते, नातेवाइकांचा पहिला प्रश्न आणि पहिला संताप जिच्या वाट्यास येतो, ती परिचारिका त्यात एकही नव्हती. ‘डॉक्टर व अन्य कर्मचारी’ असा शब्दप्रयोग आपल्याकडे रूढ आहे. परिचारिकेची जागा त्यातील ‘अन्य’ ह्या शब्दात आहे.

मुंबईला तरी हा विसर शोभणारा नाही. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानभाग ह्या परिचारिकेवर त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून हल्ला केला. कर्नाटकातील हळदीपूर ह्या गावाहून आलेली ती मुलगी त्या वेळी पंचवीस वर्षांची होती. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने ती कायमची जायबंदी झाली व १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत त्याच रुग्णालयाच्या चौथ्या क्रमांकाच्या वॉर्डात पडून राहिली. हल्लेखोरावर दरोड्याचा व खुनाच्या प्रयत्नाचा खटला झाला, सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी संप केला. अरुणाची नीट शुश्रूषा व्हावी आणि आपल्या कामाची परिस्थिती सुधारावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पुढे महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी तिला अन्यत्र हलविण्याचे दोनदा मनात आणले, तेव्हाही परिचारिकांनीच विरोध करून तो बेत हाणून पाडला. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाविषयीच्या सुप्रसिद्ध निकालात ह्या परिचारिकांची मुक्तकंठाने स्तुती केली.

ती स्तुती सर्वस्वी यथार्थ आहे. तरीही एक प्रश्न उरतो. ज्या शेकडो परिचारिकांनी सुमारे बेचाळीस वर्षे आळीपाळीने आपल्या सहकारिणीला न्हाऊमाखू घातले, भरवले, तिच्या अंगाला शय्याव्रण होऊ दिला नाही, त्यांच्या मनात ह्या काळात काय चालले होते? आपल्याच पेशातील, आपल्याच गणवेशातील, आपल्याच इमारतीत मोडून पडलेली स्त्री रोज डोळ्यांसमोर असताना रात्रपाळीला तळघराचा जिना उतरणाऱ्या परिचारिकेला काय वाटत असेल? हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता, हे उघडच आहे. पण तो महापालिकेपुढे नव्हता, वैद्यकीय शिक्षण खात्यापुढे नव्हता आणि खरे सांगावयाचे तर कामगार चळवळीपुढेही नव्हता. जगाने त्यांच्या सेवेचे कौतुक केले व त्यांच्या भीतीची चौकशी केली नाही.

हिंसाचार म्हटला की डोळ्यांसमोर फुटलेल्या काचा व रक्ताळलेला चेहरा येतो. परिचारिकेच्या वाट्याला येणारी बहुतांश हिंसा ह्या प्रकारची नसते. शिवीगाळ, ‘तुला बघून घेतो’ ही धमकी, अंगावर धावून जाणे, हात पिरगळणे, सलाईन लावताना नको तेथे स्पर्श, भ्रमणध्वनीवर चित्रण करून बदनामीची भीती घालणे, वरिष्ठांनी रुग्णांदेखत केलेला पाणउतारा, ही तिची रोजची रूपे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना, जागतिक आरोग्य संघटना, परिचारिकांची आंतरराष्ट्रीय परिषद व सार्वजनिक सेवकांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ह्यांनी संयुक्तपणे अनेक देशांत पाहणी करून २००२ साली निष्कर्ष मांडले. आरोग्यसेवेतील निम्म्याहून अधिक कामगारांना मागील वर्षभरात शारीरिक वा मानसिक हिंसेचा निदान एकदा तरी अनुभव आला होता, आणि त्यात मानसिक हिंसेचे प्रमाण शारीरिक हिंसेहून अधिक होते. २०१४ साली स्पेक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड लाखाहून अधिक परिचारिकांविषयीच्या जगभरच्या अभ्यासांचा गोषवारा काढला, तेव्हा सुमारे ३६ टक्के परिचारिकांनी शारीरिक हिंसा, सुमारे ६७ टक्के परिचारिकांनी शारीरिकेतर हिंसा व सुमारे २५ टक्के परिचारिकांनी लैंगिक छळ सोसल्याचे आढळले. एखाद्या गिरणीत तीनपैकी एका कामगाराला यंत्राने इजा झाली असती तर कारखाने निरीक्षकाने ती गिरणी बंद पाडली असती.

ह्या हिंसेने मनाचे नेमके काय होते, हे सविस्तर समजून घेणे जरुरीचे आहे. आपल्या चळवळीत मनाच्या दुखण्याकडे थोड्या संशयाने पाहण्याची जुनी सवय आहे. वेतन, महागाई भत्ता, बढती हे प्रश्न ‘खरे’ आणि मनाचे प्रश्न मध्यमवर्गीय चोचले, असा काहीसा समज त्यामागे असतो. वस्तुतः परिचारिकेचे मन हेच तिच्या श्रमाचे एक साधन आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉखशिल्ड ह्यांनी १९८३ साली विमानसेविकांच्या कामाचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. मालकाला कामगाराचे हातपायच नव्हेत, तर तिचे हसू व तिचा संयमही विकत हवा असतो, असा तिचा आशय. परिचारिकेच्या बाबतीत तर हे श्रम दुप्पट आहेत. घाबरलेल्या रुग्णापुढे तिला शांत राहावे लागते व संतापलेल्या नातेवाइकापुढेही शांत राहावे लागते. हे साधन मोडले की काम मोडते. मग विणकराच्या बोटाला झालेली इजा ही कामाच्या जागची इजा आणि परिचारिकेच्या मनाला झालेली इजा ही तिची खाजगी बाब, हा भेद कोणत्या न्यायाने करावयाचा?

आघातानंतरच्या मानसिक विकाराला अमेरिकन मनोविकार संघटनेने १९८० साली आपल्या वर्गीकरणात अधिकृत स्थान दिले. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवाचा त्यात मोठा वाटा होता. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहणे, झोप उडणे, लहानशा आवाजाने दचकणे, त्या जागेकडे पाय न वळणे, भावना गोठून गेल्यासारख्या होणे, ही त्याची लक्षणे. २०११ साली अमेरिकेतील तातडीच्या विभागांतील परिचारिकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हिंसेच्या प्रसंगानंतर ९४ टक्के परिचारिकांमध्ये ह्यापैकी निदान एक लक्षण दिसले, तर १७ टक्के परिचारिकांना तो विकार जडला असण्याची शक्यता होती. सैनिकाला रणांगण सोडून घरी येता येते. परिचारिकेला दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डात, त्याच खाटांच्या रांगेत, कित्येकदा त्याच रुग्णापाशी परत जावे लागते. ज्याने थोबाडीत मारली त्याच्याच आईला वेळेवर औषध द्यावयाचे असते. औषध चुकले तर चौकशी तिची होणार असते.

म्हणून ही लक्षणे वॉर्डात वेगळ्या वेषात वावरतात. ज्या खाटेभोवती नातेवाइकांचा गराडा आहे तेथे जाण्याचे टाळले जाते, हाक ऐकू येऊनही पाऊल रेंगाळते. बोलणे तुटक होते. पूर्वी हसून दोन शब्द बोलणारी सिस्टर आता मान वर न करता नोंदी करू लागते. रुग्णाला ती माणूसघाणी वाटते, नातेवाइकाला उद्धट वाटते, आणि पुढील भांडणाचे बीज तेथेच पडते. झोप न झालेल्या डोळ्यांना औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षरे नीट दिसत नाहीत. घरी मुलांवर विनाकारण आवाज चढतो. पती किंवा सासरची मंडळी म्हणतात, ‘एवढे आहे तर सोडून दे नोकरी.’ अनेकजणी खरोखरीच सोडतात, किंवा परदेशची वाट धरतात, किंवा कागद पुढे सरकवण्याच्या खुर्चीवर बदली मागून घेतात. रुग्णालयातील एक अनुभवी हात कमी होतो आणि उरलेल्या हातांवरचा बोजा वाढतो.

सर्वांत खोल जाणारी गोष्ट आणखी वेगळी आहे. मार खाल्लेली परिचारिका बहुधा प्रथम स्वतःलाच विचारते की आपले काय चुकले. आपण आवाज चढवला का, दार लावून घ्यावयास हवे होते का, वॉर्डात एकटीने जावयास नको होते का? हा आत्मदोष आकाशातून पडत नाही. घटना कळताच परिसेविकेचा, नंतर अधिसेविकेचा, मग निवासी डॉक्टरचा जो पहिला प्रश्न येतो तोच असतो: ‘तू त्यांना काय बोललीस?’ पुढे चौकशी समितीही हेच विचारते. मारणाऱ्याला मात्र कोणी विचारत नाही, कारण तोवर तो निघून गेलेला असतो. अशा वातावरणात तक्रार न करणे हेच शहाणपणाचे ठरते, आणि ‘ह्या पेशात हे चालायचेच’ हे वाक्य जुन्या परिचारिका नव्या मुलींना शिकवू लागतात. हिंसा नोंदली जात नाही, म्हणून ती नाही असे प्रशासन म्हणते. नाही म्हणून उपाय नाहीत.

ह्या सोसण्याला एक सामाजिक इतिहास आहे. परक्या माणसाच्या मलमूत्राला, रक्ताला, देहाला हात लावणे हे काम आपल्या जातिग्रस्त समाजाने कधीच प्रतिष्ठित मानले नाही. प्रारंभी ह्या पेशात आलेल्या स्त्रिया मुख्यतः ख्रिस्ती समाजातील होत्या, त्याचे कारण हेच. पुण्यात रमाबाई रानडे ह्यांच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात मुलींना व विधवांना परिचारिकेचे शिक्षण मिळवून देण्याची वाट खुली केली, तेव्हा त्या वाटेवर चालणाऱ्या स्त्रियांना समाजाची तिरकी नजर चुकवता आली नाही. ती नजर अद्याप पुरती सरळ झालेली नाही. रात्रीची नोकरी करणारी बाई, पुरुषांच्या वॉर्डात काम करणारी बाई, ह्या शब्दांमागची कुजबुज आजही थांबलेली नाही, व वॉर्डातील मद्यधुंद नातेवाइकाच्या जिभेवर तीच कुजबुज मोठ्याने येते.

ह्या नजरेची दुसरी बाजू म्हणजे ‘देवदूत’ हा शब्द. २०२० साली करोनाच्या साथीत २२ मार्चला थाळ्या वाजल्या, ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. त्याच महिन्यात कोलकात्याच्या खाजगी रुग्णालयांतील मणिपूरच्या दीडशेहून अधिक परिचारिका नोकऱ्या सोडून गावी परतल्या. चेहरेपट्टीवरून त्यांना मिळालेली वागणूक हे त्याचे एक कारण त्यांनी सांगितले. अनेक शहरांत परिचारिकांना घरमालकांनी घर सोडावयास सांगितले. देवदूताला पगार वाढवून द्यावा लागत नाही, देवदूताला भीती वाटत नाही, देवदूत तक्रार करीत नाही. सोय कोणाची आहे हे सांगण्याची जरुरी नाही. श्रमिकाला श्रमिक न म्हणता देवत्व बहाल करण्याची ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. तिची पहिली झळ स्त्रियांनाच लागते.

आता कायद्याकडे वळावे. महाराष्ट्राने २०१० साली वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्तींवरील हिंसाचार व मालमत्तेचे नुकसान ह्यांस प्रतिबंध करणारा कायदा केला. परिचारिका त्याच्या कक्षेत येतात. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. ह्या कायद्यातील भरपाईचे कलम मुद्दाम वाचण्यासारखे आहे. फोडलेल्या वैद्यकीय उपकरणाच्या खरेदी-किमतीच्या दुप्पट रक्कम गुन्हेगाराने द्यावयाची आहे. यंत्राची किंमत दुपटीने मोजली गेली. यंत्राशेजारी उभ्या असलेल्या बाईच्या मोडलेल्या झोपेची किंमत त्या कलमात कोठेच नाही. २०२० साली केंद्राने साथरोग कायद्यात दुरुस्ती करून जखमी व्यक्तीलाही भरपाई दिली, घरमालकाच्या जाचासारखा छळही हिंसेत धरला, तीस दिवसांत तपास पुरा करण्याचे बंधन घातले. परंतु हे सारे साथीच्या काळापुरते. साथ संपली की परिचारिकेचे संरक्षणही संपले. २०१९ साली सर्वसाधारण केंद्रीय कायद्याचा मसुदा तयार झाला होता, तो गृह मंत्रालयाच्या आक्षेपानंतर बाजूला ठेवण्यात आला. आणि २०२४ च्या कृतिदलानेही वेगळ्या केंद्रीय कायद्याची गरज नाही असाच अभिप्राय दिला.

शिक्षा वाढवून प्रश्न सुटेल असे मानणाऱ्यांशी येथे थोडे मतभेद नोंदवले पाहिजेत. ज्याला शिक्षा व्हावयाची तो बहुधा कोण असतो? मोलमजुरी करणारा, उसनवारी करून बाळंतीण बायकोला तालुक्याहून जिल्ह्याला व जिल्ह्याहून शहरात घेऊन आलेला, ज्याला कोणी बसा म्हटलेले नाही आणि काय झाले ते सांगितलेले नाही, असा माणूस. त्याचा हात उठला हे समर्थनीय नाही. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात अठ्ठेचाळीस तासांत ३१ रुग्ण दगावले, तेव्हा औषधांच्या व मनुष्यबळाच्या तुटवड्याची चर्चा साऱ्या देशात झाली. हा तुटवडा मंत्रालयात निर्माण होतो आणि त्याचा जाब खाट क्रमांक बाराजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेला विचारला जातो. त्याच दिवसांत एका सत्ताधारी खासदाराने त्या रुग्णालयाच्या अधिष्ठात्याच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करावयास लावले व त्याचे चित्रण सर्वत्र फिरले. पुढे गुन्हा नोंदवला गेला, ही गोष्ट वेगळी. अधिष्ठात्याची ही प्रतिष्ठा, तर त्याच इमारतीत त्या रात्री कामावर येणाऱ्या अधिपरिचारिकेने आपली प्रतिष्ठा किती समजावी? गरीब नातेवाइकाच्या हातून घडणारी हिंसा आणि पुढाऱ्याने कॅमेऱ्यापुढे केलेली हिंसा ह्यांना एकाच तागडीत घालता येणार नाही. दुसरी पहिलीला शिकवते.

हा मुद्दा पक्षकार्यकर्त्यांना जरा झोंबणारा आहे, परंतु टाळण्यासारखा नाही. वस्तीतील रुग्णाला सरकारी रुग्णालयात खाट मिळवून देणे हे आपल्या कार्यकर्त्याचे नित्याचे व चांगले काम आहे. अशा वेळी तो चारपाच जणांना घेऊन वॉर्डात शिरतो, आवाज चढवतो, ‘साहेबांना फोन लावू का?’ म्हणतो. रुग्णाचे काम होते, वस्तीत नाव होते. ज्या परिचारिकेवर तो ओरडला तिच्याकडे त्या वेळी चाळीस रुग्ण असतात आणि नवी खाट निर्माण करण्याचा अधिकार नसतो, हे त्याच्या गावी नसते. अधिकार असलेला वैद्यकीय अधीक्षक वातानुकूलित खोलीत असतो. तेथे मात्र हाच कार्यकर्ता निवेदन देऊन नमस्कार करून परततो. शोषितांचा कैवार घेऊन दुसऱ्या शोषिताला दमदाटी करणे ह्याला लढा म्हणत नाहीत. सर्वच पक्षांचे कार्यकर्ते असे वागतात, हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

दुसरीही एक अडचण आहे. परिचारिकेवरील हिंसा बाहेरूनच येते असे नाही. अरुणा शानभागवर हल्ला करणारा तिचा सहकर्मचारी होता. त्यावरून साऱ्या सफाई कामगारांकडे बोट दाखवण्याची जी खोड काहीजणांना आहे, तिच्यामागचा जातिद्वेष ओळखून तो झिडकारला पाहिजे. परंतु एका कामगाराकडून दुसऱ्या कामगार स्त्रीवर होणाऱ्या अत्याचाराविषयी संघटनांनी मौन पाळणेही तितकेच निषेधार्ह आहे. वरिष्ठ डॉक्टरांकडून होणारा पाणउतारा व छळ तर वैद्यकीय शिस्तीच्या नावाखाली खपून जातो. मुंबई महापालिकेच्या कामगारांना संघटित करण्यात समाजवादी चळवळीचा वाटा मोठा आहे. त्या परंपरेचा अभिमान बाळगताना हेही पाहिले पाहिजे की परिचारिका, कक्षसेवक, आया, सफाई कामगार हे एकाच वॉर्डात खपणारे लोक वेगवेगळ्या संघटनांत विभागलेले आहेत, आणि एका गटातील स्त्रीची तक्रार दुसऱ्या गटातील पुरुषाविरुद्ध असली की दोन्ही संघटना आपापल्या सभासदाची वकिली करीत बसतात. २०१३ च्या कायद्याने कामाच्या जागी लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे. ती कागदावरच राहते की नियमाने बसते, हे पाहण्याचे काम संघटनांनी एकत्रितपणे अंगावर घ्यावयास काय हरकत आहे?

मनुष्यबळाचा प्रश्न तर उघडच आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण-रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक व अन्य रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावयास हवी. सार्वजनिक रुग्णालयात रात्रपाळीच्या वेळी कोणीही जाऊन मोजावे. एकटी परिचारिका ही हिंसेला निमंत्रण आहे. दोघी असल्या तर एक रुग्णापाशी थांबते, दुसरी नातेवाइकांशी बोलते. निम्मी भांडणे तेथेच मिटतात. सशस्त्र पहारेकऱ्यावर खर्च करण्यास सरकार तयार होते, दुसऱ्या परिचारिकेवर होत नाही. उलट भरतीच ठेकेदारामार्फत करण्याचा घाट घातला गेला आणि त्याविरुद्ध मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय परिचारिकांना संपावर जावे लागले. कंत्राटी परिचारिकेच्या मनःस्थितीचा वेगळा विचार करावयास हवा. अकरा महिन्यांच्या हुकमावर काम करणारी मुलगी पोलिसांत फिर्याद देत नाही, कारण बाराव्या महिन्यात तिचा हुकूम पुन्हा निघेल की नाही हे तिच्या मौनावर ठरते. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांतील परिचारिकांवर तर नवे संकट आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय सेवा देणाऱ्या संस्थांना ‘उद्योग’ ह्या व्याख्येतून वगळले आहे. न्यासाच्या नावाने चालणाऱ्या, भरमसाट बिले घेणाऱ्या रुग्णालयांनी ह्या सवलतीचा लाभ उठवला तर तेथील परिचारिकेने दाद कोठे मागावी?

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९७७ साली परिचर्या कर्मचाऱ्यांविषयी १४९ क्रमांकाचा करार केला, २०१९ साली कामाच्या जगातील हिंसा व छळ ह्यांविषयी १९० क्रमांकाचा करार केला. ह्यांपैकी एकावरही भारताने मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. त्याच संघटनेने २०१० साली व्यवसायजन्य आजारांची सुधारलेली यादी प्रसिद्ध केली व आघातानंतरच्या मानसिक विकाराचा तीत समावेश केला. आपल्याकडे १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आणि त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात संसर्गजन्य रोग आहेत, शिशाची विषबाधा आहे. मनाचा आजार एकही नाही. क्षयरोग्याची शुश्रूषा करताना परिचारिकेला क्षय झाला तर तो कामातून झालेला आजार. रुग्णालयात मार खाल्ल्यानंतर तिला वॉर्डाच्या दारात कापरे भरू लागले तर तो तिचा दुबळेपणा.

तेव्हा मागणी नेमकी करावयास हवी. त्या परिशिष्टात आघातजन्य मानसिक विकाराचा समावेश झाला पाहिजे, आणि आमदार-खासदारांना निवेदने देताना ‘कठोर कायदा करा’ असे मोघम न म्हणता ह्या परिशिष्टाचेच नाव घेतले पाहिजे. हिंसेच्या प्रसंगानंतर परिचारिकेला तिच्या खात्यावरील रजा खर्ची न घालता भरपगारी विशेष रजा मिळाली पाहिजे, आणि परत आल्यावर काही काळ वेगळ्या वॉर्डात काम मागण्याचा हक्क मिळाला पाहिजे. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याची सोय त्याच रुग्णालयाबाहेर असावी. ज्या विभागप्रमुखापुढे बढतीचे कागद जातात त्याच्याच सहकाऱ्यापुढे कोणती स्त्री मन मोकळे करील? फिर्याद संस्थेने द्यावी. परिचारिकेला एकटीला पोलीस ठाण्याच्या व कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत, आणि साक्षीला गेलेला दिवस कामाचा धरला जावा. नातेवाइकांशी बोलण्यासाठी, रुग्णाची स्थिती त्यांच्या भाषेत समजावून सांगण्यासाठी प्रत्येक पाळीत समाजसेवा अधीक्षक असावा. हे पद अस्तित्वात आहे, रात्री ते रिकामे असते. राज्याच्या २०१० च्या कायद्यातच रुग्णांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी प्राधिकरणाची तरतूद आहे, तिची पाटी रुग्णालयाच्या दर्शनी भागात लागली तर संतापलेल्या माणसाला हाताशिवाय दुसरे साधन मिळेल.

ह्यातील बऱ्याच गोष्टींना दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. घटनांची नोंदवही तर उद्यापासून सुरू करता येईल. शिवी असो, धमकी असो वा मार असो, पाळी संपण्यापूर्वी परिचारिकेने स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहाव्यात, त्याखाली दुसऱ्या एका कर्मचाऱ्याची सही असावी, आणि संघटनेच्या प्रतिनिधीने दर महिन्याला त्या पानांची प्रत घेऊन वैद्यकीय अधीक्षकाकडे जाऊन पुढे काय केले हे विचारावे. ही वही वॉर्डातच राहावी, अधिसेविकेच्या कपाटात कुलूपबंद होऊ नये.